लेकरू वावरात का शांत होते?

वाटूर फाट्याजवळ राहणारी एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मूल फारसे बोलत नव्हते. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की दोन्ही कान दाबून किंचाळत होते. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, घरी अन् शाळेत नुसता धिंगाणा. पण आज्यासंगं वावरात गेलं की घंटाभर गप बसतं. सगळे म्हणतात सोंग आहे, दोन ठेवून द्या. खरंच सोंग आहे का?"

सोंग नाही. या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, असे निदान तज्ज्ञांनी पुढे केले. हा वेडेपणा नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, की आईच्या लाडाचा परिणामही नव्हे. मेंदूची घडणच जन्मापासून थोडी वेगळी असते. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठ्या आवाजाने ही मुले घाबरतात, याची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. २०१३ पासून तर आवाज, स्पर्श, वास, उजेड यांचा अतित्रास होणे किंवा त्यांची जाणीवच कमी असणे, हे निदानाच्या निकषांतही आले आहे.

आवाजाचा भार

आपण बाजारात उभे असलो तरी समोरच्याचे बोलणे तेवढे ऐकतो. बाकीचा गलका मेंदू आपोआप मागे ढकलतो. स्वमग्न मुलाला हे सहज जमत नाही. पंख्याची घरघर, मिक्सर, टीव्ही, लग्नाचा डीजे, सगळे एकदमच अंगावर येते. भार सोसवेनासा झाला की मूल किंचाळते, पळते, डोके आपटते. आपण त्याला हट्ट म्हणतो.

वावरात हा भार उतरतो. तिथले आवाज बहुधा हलके, एकसारखे असतात. अंगाला अंग घासणारी गर्दी नसते. धावायला, उड्या मारायला, हात झटकायला जागा असते व कोणी हसत नाही.

दुसरेही एक कारण आहे. पाच इंद्रियांखेरीज तोल सांभाळणारी एक जाणीव कानाच्या आतल्या भागात असते, तर शरीराची स्थिती कळवणारी एक जाणीव स्नायू व सांध्यांत असते. ढेकळांतून चालणे, पाण्याची बादली उचलणे, लिंबाच्या झोक्यावर झुलणे यातून या दोन्हींना खुराक मिळतो आणि पुष्कळ मुले त्याने शांत होतात. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकी पशुशास्त्रज्ञ बाईंचा अनुभव सांगण्यासारखा आहे. लस देताना खोड्यात घट्ट धरलेली काही जनावरे शांत होतात, हे त्यांनी तरुणपणी नातेवाइकांकडे पाहिले आणि स्वतःला तसा दाब देणारे यंत्र बनवून घेतले.

काय करावे?

रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, ठरलेल्या वाटेने मुलाला न्यावे. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. सारखे बोलू नये, प्रश्न विचारू नयेत. त्याला काय आवडते ते पाहावे: माती, पाणी, झाडाची साल की शेळीचे करडू. सर्वच मुलांना वावर आवडेल असे नाही. कोणाला गवत टोचते, कोणाला माशांची घोंघो सोसत नाही. अशा वेळी बळजबरी नको. मळणीयंत्र चालू असेल किंवा फवारणी झाली असेल त्या दिवशी नेऊच नये.

विहीर आणि शेततळे

आता सर्वांत महत्त्वाचे. अशी पुष्कळ मुले न सांगता निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. हाक मारली तरी ओ देतीलच असे नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ वर्षांपर्यंतच्या स्वमग्न मुलांत बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या सुमारे १६० पट आढळला. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी आहेत, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्या निसरड्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. म्हणून एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडेच लक्ष द्यावे. काम करता करता नव्हे. शेततळ्याला कुंपण घालावे व आत दोर बांधून ठेवावा. शेजारच्या वावरवाल्यांनाही मुलाविषयी सांगून ठेवावे.

काही मुलांना वेदना, तहान, उष्णता लवकर कळत नाही. काटा मोडला तरी ती रडत नाहीत. घरी आल्यावर पाय तपासावेत, पाणी आठवणीने पाजावे. माती खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगावे.

हा उपचार नव्हे

वावराने स्वमग्नता बरी होत नाही. या विषयावरचे बहुतेक अभ्यासही लहान गटांवरचे आहेत. बोलणे, शिकणे, स्वतःचे स्वतः करणे यासाठी प्रशिक्षण लागतेच व ते जितके लवकर सुरू होईल तितके बरे. मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, बोलणे उशिरा येत असेल किंवा आलेले बोलणे बंद झाले असेल, तर "बाप्यांचं बोलणं उशिराच येतं" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी व सरकारी शाळांत मोफत तपासणी करते, त्यांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

मोठेपणी काय, ही चिंता प्रत्येक आईबापाला असते. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील कोळवण येथे साधना व्हिलेज ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना गावाच्या वातावरणात, कामात सामील करून सांभाळते. म्हणजे हे अशक्य नाही.

त्या आईला मी सांगितले, मारू नका. आजोबांबरोबर रोज पाठवा, मात्र विहिरीला आधी कठडा बांधा. पुढच्या खेपेला आजोबा स्वतः आले. कठडा बांधून झाला होता.