कुटुंबासाठी जुनी मोठी गाडी घेताना

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत आज पहिल्यांदाच चारचाकी घेण्याचा विचार होऊ लागला आहे. शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी, छोटे व्यावसायिक, बागायती करणारे शेतकरी अशी ही कुटुंबे आहेत. उमरखेड किंवा झरी जामणीहून म्हाताऱ्या आईला उपचारासाठी नागपूरला न्यायचे, मुलाला वसतिगृहावर सोडताना गादी, पेटी आणि पुस्तके सोबत द्यायची, लग्नकार्याला सहा-सात जणांनी एकत्र जायचे, अशा वेळी मोठ्या गाडीची गरज भासते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी पाहिली जाते. घरातील अनेक वर्षांची शिल्लक या एका व्यवहारात जाते. म्हणूनच जुनी गाडी कशी निवडावी, हे थोडक्यात सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कोणती गाडी पाहावी?

पुढून मोटारीसारखी, पण छत मागच्या टोकापर्यंत गेलेले आणि मागच्या दारातून भरपूर सामान ठेवता येणारे, अशा गाडीला इस्टेट कार म्हणतात. टाटांनी १९९२ मध्ये टाटा इस्टेट आणि २००४ मध्ये इंडिगो मरिना ही गाडी आणली होती. या दोन्ही गाड्या पुढे बंद झाल्या. आपल्याकडे त्यांचे काम आज सात आसनी गाड्या करतात. मारुती ईको २०१० मध्ये, एर्टिगा २०१२ मध्ये आणि रेनॉ ट्रायबर २०१९ मध्ये बाजारात आली. बोलेरो तर २००० सालापासून रस्त्यावर आहे.

मात्र सातही आसने भरली की सामानाला जागा फार थोडी उरते, हे ध्यानात घ्यावे. ट्रायबरची तिसरी रांग काढून ठेवता येते. ती काढल्यावर ६२५ लिटर जागा मिळते. म्हणून आपल्याला माणसे जास्त न्यायची आहेत की सामान, हे घरात आधी ठरवावे.

सुटे भाग मिळतात का, हा दुसरा प्रश्न. शेव्हरोले कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली. डॅटसनच्या गाड्या २०२२ मध्ये बंद झाल्या. त्यामुळे टवेरा, एन्जॉय किंवा गो प्लस स्वस्तात मिळाली, तरी यवतमाळ, पुसद किंवा वणीतील आपला मिस्त्री तिचे काम करतो का आणि भाग किती दिवसांत येतात, याची आधी चौकशी करावी.

रोजची धाव कमी असेल तर पेट्रोल गाडी बरी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर लांब चालवावी लागते. केवळ गावातल्या गावात फिरवली तर जाळी तुंबते आणि मोठा खर्च निघतो.

पैशाचा हिशेब

जवळची सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. किमान एक पंचमांश बाजूला ठेवावी. चार लाख रुपये असतील तर ३,२०,००० पर्यंतचीच गाडी पाहावी. उरलेले ८०,००० टायर, बॅटरी, ऑइल, विमा आणि नावबदली यांत कसे जातात ते कळतही नाही.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा दोन वर्षांनी येणारा खर्च आजच हिशेबात धरावा.

कागदपत्रे : सर्वांत महत्त्वाची बाब

आपल्या भागात अजूनही ‘फॉर्मवर सही करून देतो, नाव नंतर करून घ्या’ अशा बोलीवर गाड्या विकल्या जातात. हे धोक्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात याचा निकाल दिला. त्यातील गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघातात एक जीव गेला आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीवरील मालकावरच ठेवली. म्हणजे विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन आर.सी.वरील बोजा उतरवून घ्यावा. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा, नाहीतर गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते.

परराज्यातील स्वस्त गाडीचा मोह टाळलेला बरा. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातल्यावर अशा पुष्कळ गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्या इथे नोंदवताना ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर लागतो. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी संपते.

आर.सी.वरील चॅसी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावेत. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची मुदत, विमा आणि थकीत दंड पाहता येतो. गॅसचे किट बसवलेले असेल तर त्याची नोंद आर.सी.वर हवीच.

गाडीची तपासणी

१. गाडी सकाळी, दिवसाच्या उजेडात पाहावी. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. आधीच गरम करून ठेवले असेल तर सुरू होतानाचा दोष लपतो.

२. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खाते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर इंजिनात पाणी शिरत असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर गाडी सोडून द्यावी.

३. टायरवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, असे दिसले तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्यावा. सर्व्हिसची नोंद मागून घ्यावी.

४. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले होते. अशा पुरात बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून विक्रीला येऊ शकतात. पायातील गालिचा उचलून चिखल आणि सीटखालच्या नटांवरचा गंज पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ राहिलेली असते.

५. गाडी आधी काळी-पिवळी किंवा टॅक्सी होती का, ते नोंदीवरून पाहावे. भाड्याने पळवलेल्या गाडीची झीज रंगाखाली दिसत नाही.

६. किमान वीस किलोमीटर, त्यातही थोडा खराब रस्ता धरून चालवून पाहावी आणि सौद्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीला दाखवावी. त्याला दिलेले हजार रुपये वाया जात नाहीत.

शक्यतो जुलै २०१९ नंतरची गाडी घ्यावी. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली.

शेवटी एवढेच

खाजगी गाडीवर भाड्याचे प्रवासी नेऊन हप्ता फेडू, असा बेत करू नये. अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते आणि सगळा भार कुटुंबावर येतो.

विद्यार्थी मित्रांनी घरातील वडीलधाऱ्यांसोबत गाडी पाहायला जरूर जावे. आर.सी. वाचणे, ॲपवर नोंद तपासणे, टायरची तारीख पाहणे ही कामे ते सहज करू शकतात. कागद नीट वाचल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय इसार देऊ नये. गाडी दुसरी मिळेल, बुडालेली शिल्लक पुन्हा जमवायला वर्षे लागतात.