रविवार कुणाचा? शिक्षकाचं काम, विसावा, समाजसेवा आणि सोबत



"तुम्हा गुरुजींना काय, सुट्ट्याच सुट्ट्या!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. एसटीत, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ऐकू येतं. आणि नेमकं रविवारी सकाळी मोबाईलवर संदेश येतो, "माहिती तात्काळ भरावी." मग सुट्टी आहे की नाही? आहे पण आणि नाही पण! म्हणूनच हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे. सुट्टी आपल्याला मिळाली कशी, ती कशासाठी मिळाली, आणि तिच्यात विसावा, समाजाचं काम आणि सोबत्यांची मैत्री कशी बसवायची, ते आज क्रमाने पाहूया.

१. रविवार आला कुठून?

मुलांना आपण विचारतो, "रविवारी शाळा का नसते?" मुलं म्हणतात, "सुट्टी असते म्हणून." पण ही सुट्टी पूर्वीपासून सगळ्यांना नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त ७ ते १२ वर्षांच्या कामगार मुलांना. मोठ्यांना काहीच नाही.

या कामगारांसाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि १८८० पासून 'दीनबंधु' वृत्तपत्राचे संपादक. गिरणीत त्यांनी स्वतः नोकरी केली होती, त्यामुळे तिथले हाल त्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साधारण साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या बघा किती साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, वेळेवर पगार, कामात इजा झाली तर मदत.

ही मागणी लगेच मान्य झाली नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या, हे मुलींना आवर्जून सांगा. शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली.

रविवार का निवडला, याचं कारण सांगताना दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, रविवार हा खंडोबाचा वार. दुसरी, सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी मिळावा. म्हणजे या सुट्टीत सुरुवातीपासून तीन वाटे होते : शरीराचा, घरादाराचा आणि समाजाचा. लोखंडे तसंच जगले. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते लोकांच्या मदतीला धावले, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये ते गेले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांचं तिकीट काढलं.

आता आपल्या रविवारकडे बघा. या तीन वाट्यांपैकी एकाने बाकीचे दोन खाल्ले की तोल बिघडतो. आजच्या लेखाचा गाभा एवढाच आहे.

२. आठवड्याचा हिशोब

चौथीच्या मुलांना आपण वजाबाकी शिकवतो. तीच स्वतःवर करून बघूया.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, म्हणजे आपला आरटीई. त्याच्या अनुसूचीत लिहिलंय की पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास. पण हे ४५ तास *पूर्वतयारीसह* आहेत! म्हणजे पाठाची तयारी, वह्या तपासणं, साहित्य बनवणं हे सगळं कायद्याने कामच धरलेलं आहे. ते "फावल्या वेळात करायचं" नाही. पालकांनीही हे लक्षात घ्यावं. घंटा वाजली की काम संपत नाही.

आता आठवड्याचे एकूण तास १६८.

- शाळा आणि पूर्वतयारी : ४५ (उरले १२३)
- झोप, रोज ८ तास : ५६ (उरले ६७)
- जाणं-येणं, रोज दीड तास धरून सहा दिवस : ९ (उरले ५८)
- घरचं काम, स्वयंपाकपाणी, मुलं, म्हातारी माणसं, रोज ४ तास : २८ (उरले ३०)

उरले तीस तास. वाटतात बरेच. पण रोज दोन तास मोबाईलमध्ये गेले तर त्यातले १४ गेले, हाती उरले १६. ऑनलाईन माहिती भरणं, नेटवर्कसाठी थांबणं, सभा, लग्नकार्य, आजारपण सगळं या सोळा तासांत. आणि आपल्या शिक्षिका भगिनींचं घरकाम चार तासांत भागत नाही, हे काय सांगायला हवं? त्यांचे सोळा तास कधीच संपलेले असतात.

हा हिशोब कागदावर एकदा तरी मांडा. "वेळच मिळत नाही" म्हणण्यापेक्षा "वेळ कुठे जातो" हे दिसलं की पुढचं सोपं होतं.

३. विसावा : पोळ्याची शिकवण

आपल्याकडे विश्रांती घेणाऱ्याला लगेच आळशी म्हणतात. पण आपल्याच शेतकऱ्याने विश्रांतीचा सण केलेला आहे! पोळा. भंडारा जिल्हा धानाचा. चिखलणीत आणि रोवणीच्या दिवसांत बैल बांधीत दमतो. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. हळद-तूप लावून बैलाचे खांदे शेकतात, चोळतात. पोळ्याला त्याला कामाला जुंपत नाहीत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन लेकरांचा.

यातून काय शिकायचं? शेतकऱ्याने विसावा बक्षीस म्हणून ठेवला नाही, कामाचा भाग म्हणून ठेवला. खांदा जिथे सोलवटतो तिथेच तूप लावलं.

आपला खांदा कुठे सोलवटतो? आपलं ओझं आवाजावर, डोक्यावर आणि धीरावर असतं. दिवसभर बोलून थकलेल्या माणसाला संध्याकाळी तासभर शांतता हवी, मोबाईलवरचे आणखी शंभर संदेश नकोत. म्हणून आपला विसावा म्हणजे नुसतं पडून राहणं नाही. कुणाला बागेत काम करून बरं वाटतं, कुणाला वैनगंगेच्या काठाने फिरून, कुणाला हिवाळ्यात झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बघून. ज्याने सोमवारी वर्गात शिरताना मन हलकं असतं, तो तुमचा विसावा.

आणि यात मुलांचं नुकसान-फायदा थेट आहे. थकलेला शिक्षक पाठ चुकवत नाही, तो धीर चुकवतो. पहिलीतलं लेकरू तिसऱ्यांदा "जमत नाही" म्हणतं तेव्हा शांतपणे चौथ्यांदा सांगायला जी शक्ती लागते, ती रविवारच्या विसाव्यातून येते.

४. समाजाचं काम आणि लादलेलं काम

इथे पुष्कळ गोंधळ होतो. शिक्षकाने शाळेबाहेर केलेलं प्रत्येक काम समाजसेवा नव्हे.

आरटीईचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावायचं नाही. अपवाद तीन : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं. ही तीन कामं कर्तव्य आहेत. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात आणि गावोगाव पाणी शिरलं. अशा वेळी शिक्षक बाजूला उभा राहूच शकत नाही, राहू पण नये.

पण खरी सेवा आपल्या मर्जीने निवडलेली असते. तिची ओळख सोपी आहे. ती केल्यावर अंग थकतं पण मन ताजं होतं. आपल्या भागातलीच उदाहरणं घ्या. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो प्रामुख्याने गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे सारस गणना होते. वनविभागाबरोबर निसर्गप्रेमी स्वयंसेवक आणि शेतकरी पहाटे वेगवेगळ्या ठिकाणी बसून मोजणी करतात. आपला जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव गावोगाव आहेत. त्यांच्या पाळीवर श्रमदान करता येतं. गावात वाचनालय चालवणं, रक्तदान, नवोदयची परीक्षा देणाऱ्या मुलांना शिकवणं, हेही आहेच.

फक्त दोन पथ्यं पाळा. एकावेळी एकच काम धरा, पण वर्षभर धरा. आणि "नाही" म्हणायला शिका. चार समित्यांवर नाव असून एकातही काम न होण्यापेक्षा एका तलावाची पाळ स्वच्छ ठेवणं मोठं आहे. मुख्याध्यापकांना आणि अधिकारीवर्गालाही विनंती, स्वयंसेवेला हजेरी लावू नका. सक्ती आली की सेवा जाते, नुसता अहवाल उरतो.

५. सोबती : दोनशिक्षकी शाळेतलं नातं

पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असेल तर आरटीईप्रमाणे दोन शिक्षक. खेड्यांत अशा शाळा पुष्कळ आहेत. तिथे एक जण रजेवर गेला की दुसऱ्याकडे पाच वर्ग. म्हणजे माझी रजा माझ्या सोबत्याच्या खांद्यावर असते, आणि त्याची माझ्या. अशा ठिकाणी मैत्री ही हौस नाही, शाळेचा पायाच आहे.

आणि अबोला सगळ्यात आधी कुणाला कळतो? मुलांना. "सर मॅडमशी बोलत नाहीत" हे तिसरीतलं पोरगं घरी सांगतं. मग गावात दोन गट पडतात, एक सरांचा, एक मॅडमचा.

भांडणं बहुधा मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. पोषण आहाराची नोंद कोणी ठेवायची, ऑनलाईन माहिती नेहमी मीच का भरायची, बैठकीला कोण जाणार, यावरून ठिणगी पडते. उपाय एकच, कामाची वाटणी तोंडी नको. महिन्याच्या सुरुवातीला कागदावर लिहा आणि दर महिन्याला अदलाबदल करा. संगणक ज्याला जमतो त्याने दुसऱ्याला शिकवावा, नाहीतर जमणं हीच शिक्षा होते!

केंद्राची शिक्षण परिषद महिन्याला होते. तिथे परिपत्रकं ऐकतोच, पण डब्बा सोबत खाताना एकमेकांना विचारा, "तुमच्याकडे गणितात काय चाललंय? घरी सगळे बरे?" लोखंड्यांनी सह्या गोळा केल्या त्या एकेकट्या कामगाराच्या, पण रविवार मिळाला तो सगळे एकत्र आले तेव्हा. एकट्याला विसावा मिळत नाही, तो सोबत्यामुळे मिळतो.

६. पालकहो, थोडं तुमच्यासाठी

आपल्या जिल्ह्यात कितीतरी आई-वडील धानाच्या बांधीत, घरी बिड्या वळत, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडत राबतात. जेवढं काम तेवढी मजुरी. त्यांना रविवार नाही. त्यांच्यासमोर आपण शिक्षकांनी सुट्टीचं रडगाणं गाऊ नये, हे मला मान्य आहे. उलट त्यांनाही हा रविवार मिळायला हवा होता, लोखंड्यांची लढाई त्यांच्यापर्यंत पोचायची राहिली, हे मुलांना कळू द्या.

आणि मुलांची सुट्टी मुलांना द्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम ३१ आहे, विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क. रविवारी शिकवणी, सोमवारी चाचणी, मग पोरगं खेळणार कधी? शिक्षकांनीही रविवारी गृहपाठाचा ढीग देऊ नये.

७. या महिन्यात करून बघा

- रविवारचे तीन वाटे ठरवा : थोडा वेळ स्वतःचा, थोडा घरचा, महिन्यातला एक रविवार समाजाचा.
- शाळेच्या गटावर ठरवून घ्या : रविवारी फक्त खरोखर तातडीचं. वाढदिवसाच्या शुभेच्छा सोमवारी दिल्या तरी गोड लागतात.
- पूर्वतयारीचा तास शाळेतच ठेवा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर दोघांनी बसून पुढचा आठवडा आखला तर रविवार मोकळा होतो.
- सोबती रजेवरून आला की आधी तब्येत विचारा, मग राहिलेलं काम सांगा.
- १० जूनला आपल्या शाळा उघडलेल्या नसतात, विदर्भात ऊन असतं. म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी मुलांना नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट सांगा. मग विचारा, "तुमच्या घरी रविवारी सुट्टी कुणाला असते आणि कुणाला नसते?"

या प्रश्नाला बहुतेक मुलं उत्तर देतात, "आईला नसते." तिथून पुढचा पाठ सुरू होतो. त्या रविवारी एक काम आईच्या हातून घ्यायचं, एवढाच गृहपाठ द्या.