गोष्टीतल्या आजारालाही नियम असतात

शाळेच्या हस्तलिखितासाठी तुमच्यापैकी कोणी ना कोणी दरवर्षी गोष्ट लिहीत असेल. गोष्ट म्हटली की संघर्ष हवा आणि संघर्षासाठी आजार अगदी हाताशी असतो. नायकाच्या डोक्याला मार लागतो, तो स्वतःचे नावही विसरतो. शेवटच्या पानावर पुन्हा तिथेच मार बसतो आणि सारे काही आठवते! चित्रपटांत हे आपण कितीदा तरी पाहिले आहे. पण तडा गेलेले भिंग पुन्हा आपटले तर तडा सांधतो काय? मेंदूचेही तसेच आहे. दुसऱ्या आघाताने इजा वाढते. शिवाय डोक्याला मार लागलेल्या माणसाला बहुधा अपघाताच्या आगेमागेचे आठवत नाही. स्वतःचे नाव मात्र सहसा आठवते.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने गोष्टींत नाक का खुपसावे, असे तुम्ही म्हणाल. कारण सांगतो. वर फेकलेला दगड लेखकाच्या सोयीसाठी हवेत थांबत नाही, हे आपण मान्य करतो. मग आजाराने तरी लेखकाच्या सोयीने का वागावे? आजाराचे नियम पाळले तर गोष्ट कोरडी होते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे.

‘श्वास’मधला पेच

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो बेतलेला असून त्यामागे पुण्यात घडलेली एक खरी घटना आहे, असे सांगतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला मिळाले. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला होता.

कोकणातले आजोबा आपल्या नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला शहरात आणतात. निदान होते रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. न केली तर जीवच जाईल. या गोष्टीत दुष्ट माणूस कोणीही नाही. डॉक्टरांचे बरोबर आहे, आजोबांचेही बरोबर आहे. मग संघर्ष आला कुठून? तो आजाराच्या नियमांतून आला. ते नियम आता पाहू.

काळी बाहुली, पांढरी बाहुली

आधी एक प्रश्न. डोळ्याची बाहुली काळी का दिसते? ती म्हणजे केवळ एक छिद्र आहे. त्यातून आत गेलेला प्रकाश भिंगामुळे दृष्टिपटलावर एकत्र येतो. तिथून जो थोडा परावर्तित होतो, तो आल्या वाटेने दिव्याकडेच परत जातो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा; पण तिथे डोके नेले की दिवाच झाकला जातो! हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली यातून वाट काढली. तिरप्या काचेने प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात टाकायचा आणि परतलेला प्रकाश त्याच काचेतून आरपार पाहायचा. डोळ्याचा आतला भाग जिवंत माणसात दाखवणारे नेत्रदर्शक उपकरण असे जन्माला आले.

कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो. म्हणून परतणारा प्रकाश कधी कधी लेन्समध्ये शिरतो आणि फोटोत बाहुली लाल दिसते. हा लाल रंग दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा. पण आत पांढुरकी गाठ वाढत असेल तर प्रकाश तिच्यावरूनच परततो आणि बाहुली पांढरी चमकते. रेटिनोब्लास्टोमाची पहिली खूण पुष्कळदा हीच असते. अशी चमक मोतीबिंदूमुळे, किंवा कॅमेऱ्याचा कोन विशिष्ट असल्यामुळेही येऊ शकते. म्हणून घाबरायचे नाही. मात्र घरातल्या लहानग्याच्या फोटोत ती पुन्हा पुन्हा दिसली, तर नेत्रतज्ज्ञाकडे जायला एक आठवडाही दवडू नका. रोग लवकर सापडला तर आज औषधे, लेसर व अतिशीत उपचार यांनी पुष्कळदा जीवाबरोबर डोळाही वाचवता येतो.

दोन ब्रेकची सायकल

सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकाला हा रोग होतो, आणि तोही बहुधा पाच वर्षांच्या आत. असे का? अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून याचे उत्तर सुचवले. सायकलला पुढचा आणि मागचा असे दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावर भागते. दोन्ही तुटले की उतारावर सायकल सुटते. पेशींची वाढ आवरणाऱ्या एका जनुकाच्याही अशाच दोन प्रती असतात. दोन्ही बिघडल्या तरच गाठ होते. काही बालके प्रत्येक पेशीत एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात. त्यांना एकच बिघाड पुरतो आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत गाठी होतात. १९८६ साली हे जनुक प्रत्यक्ष सापडले. ते तेराव्या गुणसूत्रावर असते.

आता ‘श्वास’कडे परत या. गाठ थांबत नाही, हा पहिला नियम. म्हणून डॉक्टरांना घाई. गेलेला डोळा परत येत नाही, हा दुसरा. म्हणून आजोबांना एकच दिवस हवा. नातवाला जग दाखवण्यासाठी ते त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात. रोग बालवयात होतो, हा तिसरा. म्हणून प्रश्न उभा राहतो की त्या पोराला हे सांगायचे कोणी आणि कसे? यातला एक जरी नियम लेखिकेने सैल सोडला असता, शेवटी एखादे चमत्कारी औषध आणले असते, तर आजोबांच्या त्या एका दिवसाला काय किंमत उरली असती?

हेच नियम दुसरी गोष्टही देतात. लहानपणी या रोगातून बचावलेली एक आई आपल्या तान्ह्या बाळाला तपासायला घेऊन जाते. तिचा रोग आनुवंशिक असेल तर बाळाकडे बिघडलेली प्रत येण्याची शक्यता निम्मी. दाराबाहेर बसलेल्या तिच्या मनात काय चालले असेल? लिहून पाहा.

आणखी दोन गोष्टी

पुण्याच्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री साकारले आहेत. त्यांना अल्झायमरचा आजार आहे. या आजारात ताजी स्मृती आधी जाते, जुनी मागाहून. म्हणून जन्मभराची विद्या ओठांवर असलेला माणूस रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतो आणि घरची वाट हरवतो. इथेही पेच नियमातूनच आला.

दुसरी गोष्ट सालाची. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. त्याआधीच्या कथेतली क्षयाची रुग्ण खोकत खोकत गेली तर ते खरे वाटते. आजच्या कथेत तसे लिहाल तर वाचक विचारील, ‘औषध का नाही घेतले?’ साध्या क्षयावर सहा महिने नियमाने गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटू लागताच त्या सोडून देणारा मुलगा आणि त्याच्यामागे लागलेली आई, हा आजचा संघर्ष.

करून पाहा

बुटांच्या खोक्याला आतून पांढरा कागद चिकटवा. एका बाजूला बोटाएवढे छिद्र पाडून झाकण घट्ट लावा. आत सारे पांढरे असूनही छिद्र काळे दिसेल. आता विजेरी स्वतःच्या डोळ्याशेजारी धरून छिद्रात प्रकाश टाका. आतला पांढरा कागद दिसेल. (कोणाच्या डोळ्यांवर मात्र विजेरी रोखू नका.)

मग वही उघडा. डाव्या पानावर निवडलेल्या आजाराचे नियम लिहा. ते डॉक्टरांना किंवा शिक्षकांना दाखवून तपासून घ्या. उजव्या पानावर गोष्ट लिहा. आणि एक लक्षात ठेवा: तोच आजार असलेला एखादा मुलगा तुमच्याच वर्गात बसून ती गोष्ट वाचणार आहे. त्याला ती खरी वाटली पाहिजे.