पदवी आणि पालिका

विद्यापीठ आणि नगरपालिका यांचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय वाचून पुष्कळांना पडला असेल. एकीकडे पोरे शिकतात, दुसरी नाल्या काढते; मग ही मोट कशासाठी? परंतु ज्या ठरावाला आपल्याकडील स्थानिक स्वराज्याचा पाया मानतात, त्या १८८२ सालच्या लॉर्ड रिपनच्या ठरावात कारभार सुधारणे हा मुख्य हेतू सांगितलेलाच नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा हेतू सांगितला आहे. म्हणजे नगरपालिका ही मुळात शाळा. तिच्यात आपण किती शिकलो, हे ज्याने त्याने पाहावे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने अहवाल दिला. महाराष्ट्रात आपल्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने जिल्हा हा घटक धरून आराखडा केला, १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नगरपालिकांचा कायदा १९६५ चा. १९९३ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींसाठी २९ आणि नगरांसाठी १८ विषयांची यादी घटनेत दाखल झाली.

या याद्या मुद्दाम वाचून पाहाव्यात. पंचायतींच्या यादीत प्राथमिक व माध्यमिक शाळा आहेत, तांत्रिक शिक्षण आहे, प्रौढशिक्षण आहे, ग्रंथालये आहेत. नगरांच्या यादीत शैक्षणिक बाबींना उत्तेजन देण्याचा मोघम उल्लेख आहे. कॉलेज मात्र कोठेच नाही. चांदूर बाजारच्या पोराने बी.ए.ला काय शिकावे, हे १९८३ पर्यंत नागपूरला ठरत असे, तेव्हापासून अमरावतीला ठरते. गावाकडे राहिले पोरे पाठवण्याचे काम! विदर्भातली ही दोन जुनी विद्यापीठे ज्यांची नावे आज धारण करतात, ते गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघेही कॉलेजात गेले नव्हते. पण गाव कसे चालते याचा त्यांच्याइतका अभ्यास कोणी केला आहे?

आता नगराकडे वळू. खेड्यातला माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. तो त्याचा कायद्याने हक्क आहे. नगरात राहायला आला की तो हक्क त्याच्या हातून निसटतो. प्रभाग समित्यांची सक्ती घटनेने केली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. आपण त्या हिशेबात येतच नाही. म्हणजे शेजारच्या खेड्यातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईला जे विचारता येते, ते चांदूरच्या पदवीधराला विचारता येत नाही.

त्यात २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले, तेव्हा कोठे त्या डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. आणि मधल्या काळात लोक म्हणत, ‘बरं चाललं आहे, नगरसेवक नाहीत तर भांडणंही नाहीत.’ हे मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले. भांडण नाही म्हणजे कारभार चांगला, ही समजूत मला फार घातक वाटते. ज्या जिनात कामगार कधी तोंड उघडत नाहीत, तेथे मजुरी पुरी मिळते असा माझा अनुभव नाही.

कॉलेजातही हेच घडले. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर राज्यात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद पडल्या, आणि गुणांवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या. २०१९ साली त्यांचे वेळापत्रकही ठरले, पण विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून त्या पुढे ढकलल्या गेल्या. खुनाची भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करतो. परंतु रस्त्यावर अपघात झाला म्हणून कोणी चालणे सोडत नाही. मत कसे मागावे आणि हरल्यावर घरी कसे जावे, हे विसाव्या वर्षी न शिकलेला माणूस चाळिसाव्या वर्षी नगरसेवक होतो, तेव्हा सभागृहात काय होते ते आपण पाहतोच.

मग करावे काय? कायदा बदलण्याची वाट न पाहता पुष्कळ करता येते. मी स्वतः कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. ताळेबंद वाचायला शिकलो तो बोनसच्या वाटाघाटीत, कारण समोरचा ‘तोटा आहे’ म्हणे आणि तोटा कोठे लपवला आहे हे शोधल्याशिवाय गत्यंतर नसे. पालिकेचे अंदाजपत्रक त्याहून अवघड नसते. १९९९ साली पालिकांची जकात गेली, तेव्हापासून त्या सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात. स्वतःचा मालमत्ता कर किती लागतो, वसूल किती होतो, अनुदान कोणत्या कामासाठी आले आणि खर्च कोठे पडले, एवढ्या चार रकान्यांत गावाचे निम्मे दुखणे समजते. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि क्षेत्रीय प्रकल्प करावे लागतात. बरीच मुले त्यासाठी कोठून तरी प्रमाणपत्र आणून जोडतात. त्याऐवजी वाणिज्यच्या मुलांनी हे चार रकाने भरावेत, विज्ञानच्या मुलांनी नळाच्या पाण्याची तपासणी करावी, आणि कलाशाखेच्या मुलांनी कोणत्या मोहल्ल्यात घंटागाडी किती दिवसांनी येते ते घरोघर विचारून लिहावे.

स्वीकृत सदस्यांचीही आठवण देतो. पालिकेच्या कारभाराचे विशेष ज्ञान असणारे लोक घ्यावेत म्हणून घटनेने ही सोय केली. बहुधा तेथे निवडणुकीत पडलेल्यांची सोय लागते. एखादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक तेथे का असू नये?

मात्र एक अडचण आहे, आणि संघटनेचा माणूस म्हणून ती मी टाळू शकत नाही. कॉलेजात बरेच प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, सुटीत काही नाही. पालिकेत झाडणारा माणूस ठेकेदाराचा. पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘गावाचा पाच वर्षांचा अभ्यास कर’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून रिकाम्या जागा भरणे ही मागणी केवळ पगाराची समजू नये. दोन्ही संस्थांच्या सुधारणेचे काम तेथूनच सुरू करावे लागेल.

येत्या जूनमध्ये प्रवेश होतील. त्याआधी प्राचार्य, मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष यांना एकत्र बसवता आले, तर पहिला अहवाल पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी तयार होऊ शकेल. तो मराठीत असावा, वीस पानांच्या आत असावा, मुलांनी भर चौकात वाचून दाखवावा, आणि त्याची एक प्रत वाचनालयात टेबलावर ठेवावी, कपाटात नव्हे.