दुखणे थांबले, ताकद अजून यायची आहे

खांद्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या इयादतीला दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणतात, हात अजिबात हलवू नका, टाके सुटतील. दुसरी म्हणतात, हलवत राहा, नाहीतर खांदा कायमचा आखडेल. आमच्या जाऊबाईंचा तसाच आखडला. चहा येईपर्यंत दोघांचा वादही रंगतो. गंमत अशी की दोघांचेही बरोबर असते, फक्त आठवडे वेगळे असतात. पहिला सल्ला दुसऱ्या आठवड्यात योग्य असतो आणि चौथ्या महिन्यात घातक. दुसऱ्या सल्ल्याचे नेमके उलटे.

मी लिहिते आहे ते खांद्याच्या एका विशिष्ट ऑपरेशनबद्दल. चाळिशी-पन्नाशीनंतर खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, झिजून किंवा पडल्यामुळे फाटते. ती पुन्हा हाडाला शिवावी लागते. डॉक्टर याला रोटेटर कफ रिपेअर म्हणतात. हाड मोडून पट्टी बसवली असेल, खांदा वारंवार निखळत असेल किंवा सांधाच बदलला असेल, तर वेळापत्रक निराळे असते. त्यांनी इथले आठवडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

कमरेच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात वाटी नसते, बशी असते. गोळा मोठा आणि बशी लहान, उथळ. म्हणूनच आपला हात डोक्यावर, पाठीमागे, कानाच्या पाळीपर्यंत, कुठेही जातो. हा गोळा बशीवरून घसरू न देण्याचे काम चार छोटे स्नायू करतात. ते पाठीवरच्या पात्यापासून निघतात आणि गोळ्याला पुढून, वरून, मागून मिठी मारतात. जिममधली मुले आरशात बघतात तो खांद्याचा गोल फुगीर स्नायू वेगळा. तो हात वर उचलतो खरा, पण त्या वेळी आतल्या चौघांनी गोळा जागेवर धरला नाही, तर गोळा वर सरकून वरच्या हाडावर घासतो. ऑपरेशन होते ते या न दिसणाऱ्या चौघांपैकी एखाद्याचे, बहुतेक वेळा सर्वांत वरच्याचे.

माझ्या मोठ्या नणंदेच्या उजव्या खांद्याचे हे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांचे वय ५४ होते. आम्ही त्यांना आपा म्हणतो. त्या घरीच शिलाईकाम करतात. ओल्या फरशीवर घसरून हातावर पडल्या आणि हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. ऑपरेशन चांगले झाले. आठव्या आठवड्यात आम्ही दोघी फिजिओथेरपिस्टकडे गेलो तेव्हा रमजान पंधरा दिवसांवर आला होता. आपा खुशीत होत्या, कारण दुखणे जवळजवळ थांबले होते. त्यांनी सरळ विचारले, "आता काही दुखत नाही. कणीक मळायला, डेगची उतरवायला हरकत नाही ना?"

ती मुलगी वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी असेल. तिने आपांना उलटा प्रश्न केला, "मावशी, कच्चा धावदोरा घातलेला कुर्ता तुम्ही गिऱ्हाइकाला देता का?"

आपा म्हणाल्या, "देईन कशी? हात वर केला की उसवेल."

"मग तुमच्या खांद्यात अजून धावदोराच आहे. मशीन मारायची बाकी आहे आणि ती मशीन तुमच्या-माझ्या घाईने चालत नाही."

आपा गप्प झाल्या. त्या दिवशी त्यांना जे पटले, ते आम्ही घरातली माणसे दोन महिने सांगत होतो तरी पटत नव्हते.

त्या मुलीने सांगितले ते शब्दशः खरे आहे. ऑपरेशनमध्ये कंडरा दोऱ्यांनी हाडावर बांधली जाते, पण दोरा फक्त धरून ठेवतो. कंडरा हाडाला चिकटवण्याचे काम शरीराला करावे लागते. पहिले काही दिवस सूज आणि दाह असतो. नंतर काही आठवडे तिथे नवे तंतू तयार होतात, पण ते कच्चे आणि विस्कळीत असतात. साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास जोड थोडा ताण सोसू लागतो आणि पुढे कित्येक महिने घट्ट होत जातो. दुखणे मात्र सहा-आठ आठवड्यांतच बरेचसे ओसरते. म्हणजे दुखण्याचे घड्याळ पुढे असते आणि जोडाचे मागे. या दोन घड्याळांमधल्या महिना-दीड महिन्यातच माणूस बादली उचलतो. शिवलेली कंडरा पुन्हा फाटते तीही जास्त करून पहिल्या काही महिन्यांतच.

आता ताकदीचे. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत असतो आणि खांद्याने स्वतःच्या जोरावर काही उचलायचे नसते. पण हा काळ नुसते पडून राहण्याचा नाही. डॉक्टरांची परवानगी असेल तसा कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि शरीराच्या झोक्याने घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. हा व्यायाम बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. १९३४ मध्ये त्यांनी खांद्यावर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. याखेरीज मूठ उघडणे-मिटणे, मनगट आणि कोपर हलवणे, रोज चालणे हे सुरू ठेवता येते. आणि दुसरा, चांगला हात? त्याला जरूर कामाला लावावे. १८९४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की एकाच हाताने मुठीचा सराव केला तरी न वापरलेल्या हाताची ताकदही काही प्रमाणात वाढते. मेंदू आणि मज्जातंतू दोन्ही बाजूंसाठी शिकत असतात. एक हात बांधलेला असताना दुसऱ्याचा व्यायाम केला तर बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते, हे नंतरच्या अभ्यासांतूनही पुढे आले आहे.

सहाव्या आठवड्यानंतर झोळी सुटते. पडून राहून दोन्ही हातांनी काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुबळ्या हाताला वर न्यायचे, भिंतीवर बोटांनी चढत जायचे, अशी सुरुवात होते. इथे उद्देश हालचालीचा आहे, ताकदीचा नाही. शिक्षकी भाषेत सांगायचे तर अक्षरे आधी आणि निबंध नंतर. यापुढची पायरी न हलता जोर लावण्याची. दाराच्या चौकटीशी उभे राहून कोपर अंगाला चिकटवायचे, नव्वद अंशांत वाकवायचे आणि मुठीची बाहेरची बाजू चौकटीवर हलकेच दाबायची; पाच सेकंद धरून सोडायचे. पाहणाऱ्याला वाटते काहीच चाललेले नाही, पण आतले स्नायू जागे होत असतात. हे कधी सुरू करायचे ते फाटणे किती मोठे होते यावर ठरते आणि ते आपले सर्जनच सांगू शकतात.

खरा ताकदीचा व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर येतो. त्यासाठी रबरी पट्टी लागते. सर्वांत प्रचलित रंगक्रमात पिवळी सौम्य, मग लाल, हिरवी, निळी. पट्टी दाराच्या कडीला बांधायची, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये नॅपकिनची गुंडाळी धरायची आणि मूठ सावकाश बाहेर न्यायची, त्याहून सावकाश परत आणायची. मग उलट बाजूने उभे राहून आत ओढायची. गुंडाळी खाली पडली तर समजावे की कोपर अंगापासून सुटले आणि काम मोठ्या स्नायूने पळवले. याबरोबर पाठीची पाती एकमेकींकडे ओढण्याचा व्यायाम असतोच. ज्या पात्यावर ती बशी आहे ते डळमळीत राहिले तर वरची सगळी मेहनत वाया जाते. भिंतीवर हात टेकून जोर मारणे त्याच्याही पुढचे. डोक्यावर वजन उचलणे, छातीवरून बार ढकलणे हे चार-सहा महिन्यांनंतर, आणि तेही ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी. मानेच्या मागे बार ओढण्याचा प्रकार तर तरुणांनीही सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

दहा-दहा वेळा, तीन फेऱ्या, हे पाठ जिममधल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. पण ते जन्माला आले रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे दुबळे पाय सुधारण्यासाठी अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी वजन क्रमाने वाढवत नेण्याची पद्धत बसवली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आधी ते बऱ्याच फेऱ्या करून घेत. १९४८ पर्यंत त्यांनी त्या तीनवर आणल्या. पहिली फेरी निम्म्या वजनाची, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आपल्या बायका "वजने उचलणे" म्हटले की कानाला हात लावतात. ती पहिलवानी नव्हे, औषधाची मात्रा आहे. अर्धा किलोपासून सुरू होणारी.

घरातल्या वजनांचा हिशेब मात्र नीट करावा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. ती अंगालगत धरली तर खांद्याला फारसे कळत नाही. तीच हात लांब करून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवायला जा. आतले स्नायू सांध्याच्या मध्यापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवरून ओढत असतात आणि बाटली तिथून अर्ध्या मीटरहून लांब असते. म्हणजे त्यांना वीसेक पट जोर लावावा लागतो, आणि हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. म्हणून प्रश्न किती किलो हा नसून किती लांब, हा आहे. मसाल्याचे डबे, तांदळाचा डबा, प्रेशर कुकर सहा महिने कमरेच्या उंचीवर उतरवून ठेवावेत. पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली आणि १४.२ किलोच्या गॅसचे सिलिंडर यांचे नावही काढू नये.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. पण त्या रात्री झोप उडाली किंवा दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, तर मात्रा जास्त झाली असे समजून एक पायरी खाली उतरावे. अचानक कट्कन आवाज होऊन हात उचलेनासा झाला, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ओढून-ताणून खांदा "मोकळा" करून देणारे मालिशवाले गावोगावी आहेत. त्यांच्या हाती शिवलेला खांदा देऊ नये.

नमाजचा प्रश्न आमच्या घरीही आला. तक्बीरला हात उचलणे ही हालचाल परत यायला वेळ लागतो, पण खरी जोखीम सजद्यात जाताना आणि उठताना आहे, कारण तेव्हा शरीराचा भार तळहातांवर येतो. आजारी माणसाला सवलत आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी ती घेताना वडीलधाऱ्यांचा जीव वरखाली होतो. आपांच्या बाबतीत आम्ही डॉक्टरांना विचारले की हातावर किती भार चालेल, आणि मग तेवढे सांगून आलिमांना विचारले की नमाज कशी अदा करावी. त्या काळात त्यांनी खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा केला. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर तासा-दीड तासाने, पाणी पिऊन झाल्यावर होत असे. दुखण्याच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी सहेरी-इफ्तारप्रमाणे बसवून दिल्या. हे आपल्या मनाने करू नये, कारण काही गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. कणीक त्या वर्षी माझ्या पुतण्याने मळली, आणि बरी मळली.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे, म्हणजे आपल्यापैकी अनेक घरांत कोणी ना कोणी असतेच. साखर जास्त राहिली की जोड उशिरा भरतो आणि खांदा आखडण्याची शक्यताही वाढते. तंबाखू आणि मिश्री यांचेही तसेच. जखम भरण्याच्या कामात त्या आड येतात. खाण्यात डाळ, अंडी, दूध, मासे, मटण यांपैकी काहीतरी रोज हवे. स्नायू हवेतून बनत नाही.

एक गोष्ट बायकांसाठी. खांदा उघडा करून दाखवायचा संकोच वाटतो म्हणून अनेकजणी फिजिओथेरपीच सोडून देतात, आणि मग हात अर्धाच वर जातो. महिला फिजिओथेरपिस्ट मागणे हा आपला हक्क आहे आणि आता त्या पुष्कळ ठिकाणी असतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सरकारी रुग्णालयांतही फिजिओथेरपीचा विभाग असतो. पुढून बटणे असलेला, मोठ्या बाहीचा कुर्ता शिवून घ्यावा. आपांनी ऑपरेशनआधीच स्वतःसाठी असे तीन शिवून ठेवले होते. बाहीला कडेने टिचबटणे लावली की दुखरा हात न वाकवता कपडा चढतो. कपडा घालताना आधी दुखरा हात, काढताना आधी चांगला.

चौथ्या महिन्यात आपा शिलाई मशीनवर बसल्या, पण सुरुवातीला वीस मिनिटेच, आणि कोपराखाली उशी घेऊन. कात्रीने जाड कापड कापायला आणखी महिना गेला. डोक्यावरून बुरखा स्वतः चढवणे साडेपाच महिन्यांनी जमले. आज वर्ष उलटून गेले आहे. हिरवी पट्टी अजून त्यांच्या खोलीच्या दाराला बांधलेली असते, आठवड्यातून दोनदा ओढायची म्हणून. मुलांनी ती झोपाळ्यासाठी पळवू नये, एवढाच आता त्यांचा वाद असतो.