'सैल' : एका विशेषणाची अर्थच्छटा

'सैल' या विशेषणाचा अर्थ विचारला असता विद्यार्थी 'ढिला', 'शिथिल', क्वचित 'लवचिक' असे पर्याय देतात. यांपैकी एकही शब्द 'सैल'ची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

प्रथम 'लवचिक'चा विचार करू. लवचिकपणा हा पदार्थाचा अंगभूत गुण होय, तर सैलपणा ही अवस्था. वेताची छडी कोपऱ्यात पडून असली तरी लवचिकच असते. धनुष्याचा दांडा लवचिक असतो. सैल होते ती दोरी. अंग लवचिक असलेली नर्तकीही प्रथम रंगमंचावर येताना सैल असेलच असे नाही.

'ढिला' हा विकारी शब्द (ढिला, ढिली, ढिले) दोषवाचक आहे. ढिला कारभार, ढिला स्क्रू. 'सैल' अविकारी असून त्याचा भाव पुष्कळदा सोबतच्या क्रियापदावर ठरतो, आणि माझ्या मते या शब्दाचे मर्म येथेच आहे. 'मान सैल पडली' म्हणताच मूर्च्छा सूचित होते. 'मान सैल सोडा' ही मात्र व्यायामशिक्षकाची आज्ञा. 'पडणे'त शरीरावरचा ताबा जातो, 'सोडणे'त तो बुद्धिपुरस्सर आवरता घेतला जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ऊर्जितावस्थेस आणलेल्या मल्लखांबाचे उदाहरण घ्यावे. तेथे पायांची अढी घट्ट हवी, पण खांदे ताठरले तर पुढची उडी साधत नाही. हे सैलपण ढिलाईच्या नेमके उलट होय. तबल्यावरील सैल हाताविषयीही हेच म्हणता येईल.

'शिथिल'ची गोष्ट निराळी. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात या शब्दाची 'सढिल' व 'सिढिल' अशी दोन रूपे नोंदविली आहेत. आपला 'सढळ' याच कुळातला; तो औदार्याकडे गेला. (एकाच कुळातील 'ढिला'च्या वाट्याला मात्र निंदा आली!) तत्सम 'शिथिल' आज मुख्यतः नियमांचा सोबती आहे. २०२० मध्ये टाळेबंदी 'शिथिल' झाली, 'सैल' झाली नाही. योगासनांच्या पुस्तकांत मात्र 'शरीर शिथिल करा' असे सर्रास छापले जाते. शिकविणारा तोंडाने 'अंग सैल सोडा' असेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते त्वरित उमगते.

कोशातील नोंदीत म्हणूनच 'सैल सोडणे' व 'सैल पडणे' यांना स्वतंत्र अर्थ द्यावेत. 'सैल = ढिला' एवढ्यावर विसंबणारा अनुवादक नर्तकाच्या सहज हालचालीला ढिलेपणाचा दोष चिकटवून मोकळा होईल.