नांदूर मध्यमेश्वर : बंधाऱ्याने घडवलेली पाणथळ

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर, नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अमदानीत तो बांधला गेला तो शेतीसाठी. नदीचे पाणी थोडे उंच उचलायचे आणि दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत सोडायचे, एवढेच त्याचे काम. कोपरगाव-राहाता पट्ट्यातल्या उसाचे आणि फळबागांचे नशीब या कालव्यांनी बदलले. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात कुठेही नव्हता. तरीही बंधाऱ्यामागे जे पाणी पसरले, त्याच्या भोवतालचा सुमारे १०० चौरस किलोमीटरचा परिसर १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि त्यातला १,४३७ हेक्टरांचा गाभा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरला. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या दहा नव्या रामसर स्थळांची घोषणा झाली, त्यांत हे नाव होते. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली.

रामसर हे इराणमधले गाव. तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. या करारातल्या स्थळांच्या यादीत नैसर्गिक सरोवरे आहेत तशी माणसाने अडवलेली पाणीही आहेत. नांदूर मध्यमेश्वर दुसऱ्या प्रकारातले आहे, आणि इथली प्रत्येक गोष्ट समजून घ्यायची तर हे आधी लक्षात घ्यावे लागते.

बंधाऱ्याची उंची बेताची. त्यामुळे मागचे पाणी खोल न होता पसरट झाले. सह्याद्रीच्या उतारांवरून येणाऱ्या गोदावरी, दारणा, कादवा या नद्या पावसाळ्यात काळी माती घेऊन उतरतात. बंधाऱ्यापाशी प्रवाह मंदावतो आणि माती खाली बसते. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा, कारण साठवण घटते. पक्ष्यांच्या हिशेबात तोच गाळ भांडवल आहे. त्याच्यामुळे पाण्यात उथळ पट्टे तयार झाले, बेटे वर आली, काठांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले, चिखलात गोगलगायी, किडे आणि अळ्या भरल्या. लांब पायांच्या पक्ष्याला चालता येईल, बदकाला डोके खाली घालून तळ गाठता येईल, असे घोटा-गुडघाभर पाणी इथे मैलोन्‌मैल मिळते. खोल धरणाच्या जलाशयावर असे पाणी मिळत नाही. जिल्ह्यात धरणे भरपूर असूनही पक्ष्यांची गर्दी इथे होते ती याच कारणाने.

भोवतालचा मुलूख पाहिला तर या पाण्याची किंमत अधिक कळते. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला असलेले निफाड मात्र पर्जन्यछायेत येते. त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस नदीवाटे इथे येऊन थांबतो म्हणून ही कोरडवाहू पट्ट्यातली पाणथळ टिकली आहे. रामसरच्या नोंदीत इथल्या वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ प्रजाती दिल्या आहेत. त्यांत चंदनाचे झाड आहे, बिबट्या आहे, आणि देवळाली परिसरातून शास्त्राला प्रथम माहीत झालेला, आज अतिधोक्यात असलेला एक छोटासा मासाही आहे. पक्ष्यांच्याच प्रजाती दोनशेच्या वर जातात. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही उपाधी त्यावरूनच रूढ झाली. उपाधी कानाला बरी वाटते. पण भरतपूरची मुख्य शान म्हणजे झाडांवरच्या विणीच्या वसाहती, आणि नांदूरचे खरे वैभव हिवाळ्यातल्या उघड्या पाण्यावर आहे. दोहोंची तुलना फार ताणू नये.

जूनमध्ये पाऊस लागला की इथले चित्र पार बदलते. वरची गंगापूर, दारणा, पालखेड ही धरणे भरत आली की नदीत विसर्ग सुरू होतो. मग वर्तमानपत्रांत रोज नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक पाणी गेल्याचे आकडे येऊ लागतात. पैठणच्या या नाथसागर जलाशयाचे, म्हणजे मराठवाड्याचे लक्ष त्या काळात या बंधाऱ्याकडे लागलेले असते. बेटे बुडतात, काठची शेते बुडतात. चांदोरी आणि सायखेडा या वरच्या अंगाच्या गावांनी २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर सोसले. बंधाऱ्यामागचा गाळ आणि पाणफुगवटा यांवर तिथे आजही तक्रारीच्या सुरातच बोलले जाते, आणि ते समजण्यासारखे आहे.

पर्यटक या दिवसांत फिरकत नाहीत. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र हा रिकामा काळ नाही. स्थानिक पक्ष्यांची वीण याच सुमारास होते. काठच्या बाभळींवर आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर सुगरणीचे नर घरटी विणतात. पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी गवताच्या काड्या दाबून बैठक करते. अडई आणि हळदी-कुंकू ही इथली बारमाही बदके पिल्लांना घेऊन काठाकाठाने फिरू लागतात. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असल्यामुळे हळदी-कुंकू बदक नवशिक्यालाही दुर्बिणीतून पटकन ओळखता येते.

पावसाळ्यातला सर्वांत पाहण्यासारखा पक्षी म्हणजे लांब शेपटीचा कमळपक्षी. हिवाळ्यात तो मळकट तपकिरी असतो. विणीच्या हंगामात त्याला लांब काळी शेपटी फुटते आणि मानेमागे सोनेरी पट्टा उमटतो. त्याच्या पायाची बोटे इतकी लांब असतात की शरीराचा भार पसरून तो पाण्यावरच्या पानांवरून न बुडता चालतो. मादी एका हंगामात एकामागून एक अनेक नरांशी जोडी जमवते आणि प्रत्येकाच्या हवाली अंडी करून पुढे निघून जाते. तरंगत्या पानांच्या ओल्या बैठकीवर बसून अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे सारे नराचे काम. पाण्याची पातळी चढली किंवा धोका जाणवला तर तो अंडी हनुवटीखाली धरून मागे मागे सरकत दुसऱ्या पानावर नेतो.

सप्टेंबरअखेर पूर ओसरतो. पाणी निवळते, बेटांचे माथे उघडे पडतात आणि उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात. पहिले येतात ते चिखलावर टिपणारे छोटे पक्षी: तुतवार, पिवळे आणि पांढरे धोबी. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात. बदकांत भुवई बदक लवकर येते. दिवाळी उलटली की थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक यांची संख्या वाढते. चक्रवाकाची वीण लडाख, तिबेट आणि मध्य आशियाच्या पठारांवर होते. हिमालय ओलांडून तो दख्खनच्या या तुकड्यावर चार-पाच महिने काढतो. संस्कृत काव्यातल्या विरही चक्रवाकाचे नाव त्याला मिळाले आहे खरे, पण नांदूरच्या बेटांवर त्याच्या जोड्या दिवसभर एकत्र आणि चांगल्याच गोंगाट करत असतात.

डिसेंबर-जानेवारी हा मुख्य हंगाम. निफाडची थंडी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात राज्यातले नीचांकी तापमान नोंदले गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते, आणि द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे पाण्यावर धुके असते. ते विरेपर्यंत काही दिसत नाही, नुसते ऐकू येते: अडईच्या शिट्ट्या आणि वारकऱ्यांचे ठणठणीत आवाज.

वारकरी हे काळे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी इथे सर्वाधिक संख्येने दिसतात आणि म्हणूनच दुर्लक्षिले जातात. त्यांच्याकडे लक्ष द्यायचे ते दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला की. पाणकणसावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तो संथ घिरट्या घालतो. तो दिसताच विखुरलेले वारकरी पाय मारत, पाणी उडवत एकमेकांकडे धावतात आणि त्यांचा दाट काळा पुंजका होतो. भोवत्या पुंजक्यावर सहसा झडप घालत नाही. तो वरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो आणि जखमी किंवा मागे पडलेला एखादा हेरतो. अर्धा तास एका जागी बसण्याची तयारी असेल तर हा खेळ संपूर्ण पाहता येतो.

थापट्याचे खाणे असेच निवांत पाहावे. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागाशी सपाट धरून तो पुढे सरकतो. चोचीच्या कडांना बारीक दातेरी झालर असते. पाणी आत घेऊन कडेने बाहेर सोडले की सूक्ष्म जीव आणि बिया झालरीत अडकतात. अनेकदा दहा-वीस थापटे एकामागे एक गोल फिरत राहतात. त्यांच्या पायांनी तळाचे खाद्य वर येते आणि पुढच्याने ढवळलेले मागच्याच्या चोचीत जाते.

उथळ पाण्यात याच काळात चमचे, रंगीत करकोचे, उघड्या चोचीचे करकोचे आणि शराटी एकत्र चरतात. उघड्या चोचीच्या करकोच्याला दोन जबड्यांमधली फट गोगलगायीचे कवच पकडायला उपयोगी पडते. काही वर्षी पट्टेरी डोक्याचे हंस आणि क्रौंचांचे थवे येतात, काही वर्षी येत नाहीत. रोहित तर त्याहून बेभरवशाचा. ‘नांदूरला फ्लेमिंगो आले’ अशी बातमी वाचून निघालेल्या अनेकांना पाण्यावर फक्त बदके दिसतात.

या चुकामुकीचे कारण बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीत असते. हिवाळा-उन्हाळ्यात वरच्या धरणांतून शेतीसाठी आवर्तने सुटतात, ती इथे येतात आणि कालव्यांत वळवली जातात. आवर्तन आले की पाणी चढते, चिखलाचे काठ बुडतात, लांब पायांचे पक्षी दुसरीकडे जातात आणि बदके पांगतात. आवर्तन थांबले की पुन्हा काठ उघडे पडतात. म्हणजे इथे ऋतूंच्या जोडीला पाटबंधाऱ्याचे वेळापत्रक चालते, आणि एखाद्या आठवड्यात काय दिसेल हे कॅलेंडरपेक्षा त्यावर अधिक ठरते. अभयारण्याची देखभाल वन विभागाची आणि पाणी जलसंपदा विभागाचे, अशी ही वाटणी आहे. पक्ष्यांसाठी पातळी राखायची तर ती शेतकऱ्याच्या पाण्यातूनच राखावी लागेल, हा पेच कुठल्याही फलकाने सुटणारा नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढते, पाणी आटत जाते आणि राहिलेल्या उथळ भागांत मासे व किडे दाटतात. बगळे, पाणकावळे, शेकाटे यांची चंगळ होते. पाहुणी बदके मार्चमध्ये थव्याथव्याने परततात. एप्रिल-मेमध्ये उघड्या पडलेल्या गाळावर काठचे शेतकरी गाळपेर करतात. त्या काळ्या ओलीवर फारसे खत न घालता पीक येते. पाण्याने वेढलेल्या उघड्या बेटांवर नदी सुरय जमिनीवरच्या साध्या खळग्यात अंडी घालतो. पाणी फार आटले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री-कोल्हे तिथे पोहोचतात. अवेळी आवर्तन आले तर अंडी वाहून जातात.

पाण्यावरचा सर्वांत उघड धोका म्हणजे पाणवेली, अर्थात जलपर्णी. नाशिक शहराचे सांडपाणी आणि बागायतीतून वाहून येणारी खते यांवर ती पोसते. पुरात काही पुढे वाहून जाते, उरलेली पुन्हा पसरते. तिच्या हिरव्या गालिच्याखाली पाण्याला प्रकाश मिळत नाही, प्राणवायू घटतो, तळच्या वनस्पती मरतात आणि बदकांना उतरायला उघडे पाणी उरत नाही. काढण्याच्या मोहिमा होतात. पण सांडपाणी तसेच येत राहिले तर त्या दरवर्षी नव्याने कराव्या लागतात.

काठच्या उसातला बिबट्या हा वेगळाच विषय. त्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नाही. ऊस त्याला दडायला पुरतो आणि कुत्री-वासरे खायला मिळतात. तोडणीच्या दिवसांत उसात बछडे सापडल्याच्या बातम्या निफाड तालुक्यातून येतच असतात.

नाशिकहून नांदूर मध्यमेश्वर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निफाडपर्यंत आणि तिथून दक्षिणेला जाता येते. रेल्वेने येणाऱ्यांना मुंबई-भुसावळ मार्गावरचे निफाड स्थानक जवळचे. पक्षिनिरीक्षणाचे मुख्य ठिकाण चापडगावच्या बाजूला आहे. तिथे निरीक्षण मनोरे आहेत, आणि वन विभागाने तयार केलेले गावचे तरुण वाटाडे सोबत घेता येतात. ते घ्यावेतच. कालच्या आवर्तनानंतर थवा कुठे सरकला, हे त्यांना नेमके माहीत असते. मध्यमेश्वर महादेवाचे मंदिर आणि बंधारा नांदूर गावाच्या अंगाला आहेत. ते पाहायचे तर वेगळा वेळ ठेवावा लागतो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. सूर्योदयापूर्वी मनोऱ्यावर पोहोचावे, कारण दहानंतर बदके मधल्या पाण्यात झोपी जातात आणि उन्हाच्या लहरींत दुर्बीणही हात टेकते. भडक कपडे आणि मोठे आवाज टाळावेत. जवळचा फोटो मिळावा म्हणून चिखलात उतरणाऱ्याला थव्याच्या पाठीचाच फोटो मिळतो.